पितृपक्षातली बॅच

१६ सप्टेंबर २००७, रविवार. शॉमबर्ग, शिकागो

आजपासून रोजनिशी. तीन महिन्यांत मी कॅप्टन होणार आहे. पुढे कोणी विचारलं, कसा झालात, तर तारखा हाताशी असाव्यात.

सद्यस्थिती. प्रेअरी विंग्ज ही आमची रीजनल एअरलाइन. पन्नास सीटची जेट. विमानाला रंग मोठ्या कंपनीचा, तिकीट मोठ्या कंपनीचं, प्रवाशाला वाटतं आपण मोठ्या कंपनीतच बसलोय. पगार तेवढा आमच्या कंपनीचा. मी फर्स्ट ऑफिसर. उजवीकडे बसतो. डावीकडे कॅप्टन. दोघांत हातभर अंतर, आणि पगारात दुप्पट.

इथे हुशारी, अनुभव, स्वभाव काही बघत नाहीत. फक्त सीनिऑरिटी नंबर. ज्या दिवशी लागलात त्या दिवसावरून नंबर. वरचा कोणी गेला की खालचे सगळे एकेक पायरी वर. कॅप्टनच्या खुर्च्या ३०९. माझा नंबर ३१०.

कॅप्टन वॉल्ट डॉब्स १६ डिसेंबरला साठ वर्षांचा होतोय. साठीला पायलटनं घरी जायचं हा देशाचा कायदा. वॉल्ट घरी, मी डावीकडे.

बायकोला, स्वानंदीला, तिच्या कंपनीनं नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलला मॅनेजरची पोस्ट देऊ केली आहे. सहा वर्षं वाट बघत होती. मी तिला समजावलं, नव्या कॅप्टनला फोन आला की दोन तासांत शिकागोच्या ओहेअर विमानतळावर हजर व्हावं लागतं. नॉर्थ कॅरोलिनातून कसं जमणार? तिनं कंपनीकडून गुढीपाडव्यापर्यंत मुदत मागून घेतली. पाडव्यापर्यंत मी कॅप्टन झालो तर शिकागो, नाही झालो तर निमूट सामान बांधायचं, असं ठरलं. तिनं विचारलं, नक्की ना. मी म्हटलं, साठ म्हणजे साठ.

२८ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी, मोलीनच्या विमानतळावर

आज क्रू रूममध्ये केव्हिन भेटला. नंबर ३०९. वय सत्तावीस. खोक्यात हात घालून कोरडं सीरिअल खातो. गेल्या महिन्यात कॅप्टन झाला. मी सदतीस वर्षांचा, सॉफ्टवेअर टेस्टिंगची चांगली नोकरी सोडून आलेला, आणि त्याला 'येस सर' म्हणतो.

वास्तविक मी त्याच्या पुढे असायला हवा होतो. २००४ साली कंपनीचा फोन आला, दोन ट्रेनिंग बॅच आहेत, ४ ऑक्टोबर आणि २५ ऑक्टोबर, कुठली घेणार? ४ ऑक्टोबर भर पितृपक्षात. मी स्वतः असल्या गोष्टी मानत नाही. पण आईला चाललं नसतं. आईच्या शब्दाखातर २५ घेतली, दसऱ्यानंतरची. त्या आधीच्या बॅचमध्ये बावीस जण होते. ते बावीस जण माझ्या पुढे गेले. आईसाठी माणूस काय काय करतो.

माझ्या बॅचमध्ये मात्र मी पहिला आलो. सासुरवाडीला तेव्हाच कळवलं होतं. एका बॅचमधले नंबर वयानुसार लावतात, हे सांगायची गरज पडली नाही.

२१ ऑक्टोबर, रविवार. दसरा

मुहूर्त साधून खांद्यावरच्या चार पट्ट्या विकत घेतल्या. फर्स्ट ऑफिसरला तीन, कॅप्टनला चार. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं स्वानंदी म्हणाली. मी म्हटलं, हे प्लॅनिंग आहे. पट्ट्या तिच्या साड्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या आहेत.

बाथरूममध्ये अनाउन्समेंटची प्रॅक्टिस सुरू केली. एक्झॉस्ट फॅन लावला की साधारण विमानासारखा आवाज येतो. कॅप्टनचा आवाज सावकाश हवा, घाई नको. ऋता बाहेरून म्हणाली, डॅड, आय नीड टू ब्रश. आठ वर्षांच्या मुलीला काय कळणार.

८ नोव्हेंबर, गुरुवार

आज हॉटेलच्या व्हॅनमध्ये मोठ्या कंपनीचा एक कॅप्टन होता. पांढरे केस, चार पट्ट्या, जुनी चामड्याची बॅग. मी गुड मॉर्निंग म्हटलं. त्यानं माझ्या आयकार्डाकडे बघितलं आणि ड्रायव्हरशी बोलायला लागला, पण मला ऐकू येईल असं. २००१ नंतर आमचा पगार कापला, पेन्शन गेली, आमची मोठी विमानं वाळवंटात नेऊन उभी केली, आणि आमचेच मार्ग या पोरांना अर्ध्या पैशात उडवायला दिले. म्हणून आता आमच्या युनियननं करारात लिहून घेतलंय, रीजनलला सत्तर सीटची विमानं अमुकच, वर एक नाही.

मी त्याला चांगलं सुनावलं. म्हणजे, संध्याकाळी रूमवर आल्यावर उत्तर सुचलं. साहेब, तुमचा पगार आम्ही नाही कापला, ज्यांनी कापला ते या व्हॅनमध्ये बसत नाहीत. फार सडेतोड उत्तर होतं. व्हॅनमध्ये मी त्याची बॅग उतरवून दिली.

दोन वर्षांत मीही मोठ्या कंपनीत असेन. मग तिथून रीजनलवाल्यांशी प्रेमानं बोलायचं, असा संकल्प.

१० नोव्हेंबर, शनिवार

प्रताप काकांकडे दिवाळीचा फराळ. काका १९६९ साली नागपूरहून आलेले डॉक्टर, आता रिटायर, इथल्या मराठी मंडळातले सगळ्यात जुने. त्यांनी सगळ्यांना ओळख करून दिली, हे आमचे कॅप्टन परीक्षित हुपरीकर. मी दुरुस्त करणार होतो, पण तोंडात चकली होती. नंतर काका म्हणाले, पाडव्याच्या कार्यक्रमात तुमचं भाषण ठेवतो, विषय 'मराठी माणसाची भरारी'. मी हो म्हटलं. पाडवा ६ एप्रिलला. तोवर चार महिने कॅप्टनकी करून झालेली असेल.

गाडीत स्वानंदी म्हणाली, आज पुन्हा मॉरिसव्हिलहून फोन होता.

१२ डिसेंबर, बुधवार

डेव्हन ॲव्हेन्यूला, देशी दुकानांच्या रस्त्यावर गेलो. वॉल्टच्या निरोपासाठी केक ऑर्डर केला. 'हॅपी रिटायरमेंट वॉल्ट', बिनअंड्याचा, कारण उरलेला घरी आणायचा आहे. दोन पौंड पेढे घेतले माझ्यासाठी. किराणावाल्याकडून नवीन वर्षाचं कॅलेंडरही मिळालं. दरवर्षी स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी लावतो. मी ते तिथीसाठी बघत नाही, सुट्ट्यांसाठी बघतो.

परत आलो तर गाडीवर पार्किंगचं तिकीट.

१४ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी ६.४०

काल कायदा बदलला. साठ नाही, पासष्ट. सही झाली, कालपासून लागू. ज्यांची साठी कालच्या आधी झाली ते घरी. ज्यांची नंतर, ते आणखी पाच वर्षं.

वॉल्टची साठी परवा आहे.

इतकी वर्षं या देशात चर्चा चालू होती. तीन दिवस थांबले असते तर कोणाचं काय बिघडलं असतं? स्वानंदीला सांगितलं. तिनं गॅस बारीक केला आणि विचारलं, मग? मी म्हटलं, वॉल्ट दोनदा घटस्फोट झालेला माणूस आहे, त्याला आता शांतता हवी असणार, तो स्वतःहून जाईल.

१६ डिसेंबर, रविवार

केकवरचं 'रिटायरमेंट' चमच्यानं खरवडून काढलं. 'हॅपी' आणि 'वॉल्ट' राहिलं. वॉल्टला फार आवडला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मी विचारलं, आता पुढे काय. तो म्हणाला, आणखी पाच वर्षं, थँक गॉड.

त्याची गोष्ट आजच कळली. तो एका मोठ्या कंपनीत सोळा वर्षं कॅप्टन होता. ती कंपनी बुडाली. पन्नाशीत प्रेअरी विंग्जमध्ये नव्यानं सगळ्यात तळाचा नंबर घेतला. पेन्शन शून्य. निघताना मला म्हणाला, पोरा, या धंद्यात एकच अक्कल, बोलावलं की त्याच दिवशी जायचं. एक दिवस उशीर म्हणजे जन्माचा उशीर.

चांगला माणूस आहे, पण त्याला मुहूर्त वगैरे काय माहीत. पेढे फ्रीझरमध्ये टाकले.

१ जानेवारी २००८, मंगळवार

संकल्प. वजन कमी करणे. केव्हिनबद्दल विचार न करणे. वॉल्टच्या तब्येतीची चौकशी करताना आवाजात आशा न आणणे.

१९ फेब्रुवारी, मंगळवार. ग्रँड रॅपिड्सच्या हॉटेलात

पक्की बातमी. सत्तर सीटची दहा विमानं येणार. दहा विमानं म्हणजे शंभरेक पायलट, म्हणजे निदान पन्नास कॅप्टन. मी पहिला. मोठ्या कंपनीची युनियन अडवतेय म्हणे, करारातला आकडा दाखवतेय. अडवून अडवून किती दिवस अडवणार.

बातमी केव्हिननं दिली. त्याला कुठून कळली ते त्याला आठवत नाही.

१५ मार्च, शनिवार

स्वानंदीशी बोललो. पाडव्याच्या ऐवजी जूनपर्यंत मुदत माग, असं सुचवलं. ती म्हणाली, एकदा मागितली आहे, दुसऱ्यांदा मागितली तर लोक काय समजायचं ते समजतात. मी दहा विमानांचं गणित कागदावर मांडून दाखवलं. तिनं कागद नीट बघितला. मग विचारलं, यातलं एक तरी विमान तू डोळ्यांनी पाहिलंस का.

तरी सोमवारी फोन करते म्हणाली. समजूतदार आहे.

६ एप्रिल, रविवार. पाडवा

मंडळाचा कार्यक्रम. पत्रिकेवर छापलेलं होतं, कॅप्टन परीक्षित हुपरीकर. छापून झाल्यावर काय करणार? अडीचशे लोक. भाषण छान रंगलं. बाथरूमच्या प्रॅक्टिसचा उपयोग झाला, सावकाश बोललो.

शेवटी मुलांचे प्रश्न. कोणीतरी विचारलं, विमानात कॅप्टन कुठे बसतो. मी उत्तर देणार तेवढ्यात ऋतानं माइक घेतला आणि म्हणाली, द कॅप्टन सिट्स ऑन द लेफ्ट, माय डॅड सिट्स ऑन द राइट. तिला वाटलं, ती मला मदत करतेय. तिचा चेहरा इतका अभिमानानं फुललेला होता की रागावताही येईना.

श्रीखंडाच्या रांगेत प्रताप काका जवळ आले. म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, आमच्या नागपुरात कंपाउंडरलाही लोक डॉक्टरच म्हणायचे. लोकांचं प्रेम असतं.

८ एप्रिल, मंगळवार

मॉरिसव्हिलची पोस्ट गेली. उल्हास म्हणून एक आहे तिथे, स्वानंदीपेक्षा चार वर्षांनी ज्युनिअर. त्याला दिली. तिला म्हणाले, तुमची अडचण आम्ही समजू शकतो, टीम लीड म्हणून कधीही या. म्हणजे उल्हासच्या हाताखाली.

तिनं हे जेवताना सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं. मग कांदे चिरत बसली. उद्याच्या डब्याला एक कांदा लागतो. तिनं नऊ चिरले.

वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, उल्हास काही फार टिकणार नाही तिथे. ती म्हणाली, परीक्षित, तू आता जरा गप्प बस.

२२ मे, गुरुवार

तेल एकशे तीस डॉलरच्या पुढे. क्रू रूममध्ये सगळे म्हणतात, पन्नास सीटची विमानं आता परवडत नाहीत. मी म्हटलं, उत्तमच, म्हणजे सत्तर सीटची लवकर येतील.

१७ जुलै, गुरुवार

कंपनीचं पत्र. मोठ्या कंपनीनं आमच्या निम्म्या विमानांचा करार रद्द केला. सत्तर सीटचं एकही येणार नाही. पायलट ६१८ आहेत, त्यातले वरचे निम्मे राहतील. बाकीचे १ सप्टेंबरपासून फर्लो. फर्लो म्हणजे नोकरीवरून काढलं असं न म्हणता काढणं. नंबर आपलाच राहतो, पगार राहत नाही.

६१८ चे निम्मे ३०९. गणित तीनदा केलं. कॅल्क्युलेटरवर पण केलं.

केव्हिन राहिला. आता फर्स्ट ऑफिसर होऊन उजवीकडे येईल, पण राहिला. म्हणजे पितृपक्षातली अख्खी बॅच राहिली, आणि दसऱ्यानंतरची अख्खी गेली. त्यातही मी पहिला.

वॉल्टचा फोन आला. म्हणाला, मी डिसेंबरमध्ये गेलो असतो तर तू वाचला असतास. मी म्हटलं, असं बोलू नकोस, तुला पेन्शन नाही. हे मात्र मी खरंच मनापासून म्हटलं. पहिल्यांदाच.

२० जुलै, रविवार. सकाळी

पुण्याला आईला फोन. सगळं सांगितलं, आणि शेवटी, तिला बोल लागू नये अशा बेतानं म्हटलं, आई, तुझ्या शब्दाखातर मी ती तारीख सोडली, त्याचं हे असं झालं.

आई म्हणाली, कुठला माझा शब्द? मी तर म्हटलं होतं, पितर काही पोरांना नोकरीवर जाऊ नका म्हणत नाहीत, बेलाशक जा. तूच म्हणालास, नको, एवढ्या मोठ्या कामाला अमावास्येच्या आत हात घालायचा नाही. मी दोनदा सांगितलं. तुझं फोनकार्ड संपलं मधेच.

वयामुळे आईची स्मरणशक्ती कमी झाली असावी. मात्र त्या दिवशी तिच्याकडे आळूची भाजी होती, मावशी आली होती आणि फोनकार्ड पाच डॉलरचं होतं, हे सगळं तिला आठवतं. स्वानंदी समोर बसली होती, स्पीकर चालू होता. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

३ ऑगस्ट, रविवार

स्वानंदीनं मॉरिसव्हिलला हो कळवलं. टीम लीड, उल्हासच्या हाताखाली. तिला मी म्हटलं, माझ्यामुळे झालं हे. ती म्हणाली, हो. मग म्हणाली, खोके कुठून आणायचे ते बघ.

एवढंच बोलली. पण त्यानंतर चहा दोघांचा केला.

सामान बांधताना फ्रीझरमध्ये पेढे सापडले. ऋता म्हणाली, हे कशाचे आहेत. मी म्हटलं, असेच. दोघांनी बसून संपवले. थोडे दाताला लागत होते, पण चव चांगली होती.

६ सप्टेंबर, शनिवार. मॉरिसव्हिल

घर लागलं. कॅलेंडर इथेही फ्रिजशेजारी. चार पट्ट्या नवीन ड्रॉवरमध्ये, तळाशी. स्वानंदीच्या कंपनीत टेस्टिंगच्या जागा निघाल्या आहेत. मी अर्ज केला. तात्पुरता. कंपनीनं परत बोलावलं की त्याच दिवशी निघणार, ग्रहण असलं तरी.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज स्वतःचा अभिमान वाटावा अशी गोष्ट घडली, म्हणून सविस्तर लिहितो.

एचआरच्या ट्रेसीचा फोन. निवड झाली. सोमवार, २२ सप्टेंबरला जॉइन व्हाल का? मला आतून माहीत होतं, गणपती बसलेलेच आहेत, म्हणजे विसर्जनानंतर लगेच पितृपक्ष, म्हणजे २२ तारीख त्यातच. जुना परीक्षित असता तर म्हणाला असता, थांबा, कॅलेंडर बघतो. मी कॅलेंडराकडे मानही वळवली नाही. फोनवर तिथल्या तिथे हो म्हटलं. चार वर्षांत माणूस किती बदलतो. ज्यातून शिकायचं ते मी शिकलो. बाकीचे लोक आयुष्यभर शिकत नाहीत.

स्वानंदीला सांगितलं तर म्हणाली, छान केलंस. हसली पण. कितीतरी दिवसांनी.

२२ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी ६.३०

पहिला दिवस. टेबल खिडकीपाशी आहे. तिथून रॅली-डरम विमानतळावर उतरणारं विमान दिसतं. पन्नास सीटचं होतं. डावीकडे कोण असेल, असा विचार आला. लगेच कामाला लागलो.

मी ट्रेसीला विचारलं, माझा एम्प्लॉयी नंबर किती, आणि माझ्या पुढे किती जण. ती म्हणाली, इथे त्या नंबरवर काहीच ठरत नाही, तो फक्त कॅफेटेरियाच्या कार्डासाठी आहे. मग म्हणाली, तुम्ही नशीबवान. दोन बॅच होत्या, आजची आणि ६ ऑक्टोबरची. न्यूयॉर्कला बँका बुडायला लागल्या तशी ६ ऑक्टोबरची बॅच रद्द झाली. मी म्हटलं, पण तुम्ही मला दुसरी तारीख सांगितलीच नव्हती. ती म्हणाली, तुमच्या मिसेसनीच बजावलं होतं, त्याला दोन तारखा देऊ नका, एकच द्या.

घरी आलो. स्वानंदी पोळ्या करत होती. मी म्हटलं, तुझा माझ्यावर विश्वास नाही. मी त्या दिवशी कॅलेंडराकडे बघितलं तरी का? मान वळवली का?

ती म्हणाली, वळवून काय दिसलं असतं.

फ्रिजशेजारी बघितलं. नुसता खिळा होता. कॅलेंडर मी ट्रेसीचा फोन यायच्या आधीच काढून ठेवलंय, ती म्हणाली, माझ्या साड्यांच्या ड्रॉवरमध्ये, तुझ्या पट्ट्यांखाली. घटस्थापनेला परत लावू.

मग तिनं मला तव्यावरची पोळी वाढली आणि जेवायला बस म्हणाली.